धुरावाचून अग्नी

आमच्या आईचे नाक ही आमच्या इमारतीची एक सार्वजनिक सोय होती. खालच्या मजल्यावर कुणाचे दूध लागले, कुणाच्या मिक्सरची मोटर जळू लागली, जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत वायर तापली, हे सर्वांत आधी तिला कळे. मीरा रोडला आम्ही राहायला आलो तेव्हा खाजणे आणि मिठागरे आजच्यापेक्षा घरांच्या जवळ होती. वाऱ्यावर चिखलाचा वास आला की घड्याळ किंवा पंचांग न पाहता ती ओहोटी लागल्याचे सांगे. उत्तनहून येणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेल्या कोळिणीच्या पाटीतले बोंबील किती उन्हे खाल्लेले आहेत, हेही तिला पाटीवरचे फडके न उचलता समजे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये घरातली आम्ही सगळीच तापाने पडलो. महिन्या-दीड महिन्यात इतरांना वास येऊ लागले. तिला आले नाहीत. तिने त्याचे भांडवल केले नाही. पूजेला बसली की मात्र ती उदबत्तीला दोनदा काडी लावी. पहिल्यांदा ती खरोखर पेटली, यावर तिचा विश्वास बसत नसे.

त्याच वर्षी श्रावणातल्या एका दुपारी ती स्वयंपाकघरात पाटावर बसून वाती वळत होती. आम्ही घरी नव्हतो. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या लावलेल्या. पाठीमागे शेगडीवरचे दूध उतू गेले, ज्योत विझली आणि बटण तसेच उघडे राहिले. समोरच्या काकूंना दाराबाहेर वास आला. त्यांनी घंटीचे बटण दाबले नाही, दोन्ही तळव्यांनी दार बडवले आणि ओरडून म्हणाल्या, "आई, लाइट लावू नका! माचिस खाली ठेवा!" काकू मूळच्या सौराष्ट्रातल्या. मराठी बोलतात, वाचीत मात्र नाहीत. घंटीच्या बटणातही ठिणगी असू शकते, हे तुम्हांला कुणी सांगितले, असे आम्ही त्यांना नंतर विचारले. त्या म्हणाल्या, "सासूबाईंनी."

पुढे काही झाले नाही. खिडक्या उघडल्या, चहा झाला, दूध सांडल्याबद्दल हळहळ झाली. पण आई वाचली ती दोन प्रकारच्या ज्ञानांमुळे, ही गोष्ट आमच्या मनातून गेली नाही. एक ज्ञान काकूंच्या नाकाचे होते आणि दुसरे त्यांच्या सासूबाईंच्या शब्दाचे. पहिले नसते तर दुसरे निरुपयोगी होते. दुसरे नसते तर पहिल्यानेच कदाचित घात केला असता. वास आला म्हणून काकूंनी घाईघाईने घंटी वाजवली असती.

या प्रकारानंतर सोसायटीच्या समितीने जिन्यात एक सूचनाफलक लावायचे ठरवले. आम्ही मराठी शिकवतो, तेव्हा इंग्रजी पत्रकाचे मराठी करण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले. आम्ही ते मन लावून केले. "गॅसचा वास आल्यास दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण दाबू नये. मेन कॉक बंद करावा. इमारतीबाहेर जाऊन मदतीसाठी दूरध्वनी करावा." भाषा शुद्ध, वाक्ये लहान. आईला वाचून दाखवले. तिने दोन आक्षेप घेतले.

पहिला असा. "'दाबू नये' काय? खालच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहिलंय, तिथे लोक काय करतात ते तू रोज बघतोस."

दुसरा आक्षेप तिने चष्मा काढून ठेवल्यावर घेतला. "आणि 'वास आल्यास' म्हणतोस. ज्याला येतच नाही त्याने काय करायचं?"

प्रस्तुत लेख म्हणजे या दोन आक्षेपांना उत्तर देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे. तो करताना आम्ही आमच्या विषयापासून फार दूर, हायड्रोजन या इंधनाच्या सुरक्षानियमांपर्यंत जाऊन पोहोचलो. तिथे गेल्यावर मात्र असे वाटले की आपण आपल्याच विषयात परत आलो आहोत.

पहिला आक्षेप व्याकरणाचा आहे. मराठीतला विध्यर्थ हा मोठा सोशिक अर्थ आहे. आज्ञा, विनंती, उपदेश, इच्छा, शक्यता, योग्यता, कर्तव्य हे सगळे तो एकाच प्रत्ययाच्या पोटात घेतो. "सत्य बोलावे" आणि "झडप बंद करावी" यांत क्रियापदाचे रूप एकच. पहिले पाळले नाही तर पाप लागते, दुसरे पाळले नाही तर स्फोट होतो. तांत्रिक मानके लिहिणाऱ्यांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या, म्हणजे आयएसओच्या, लेखननियमांत 'शॅल', 'शुड' आणि 'मे' या तीन सहायक क्रियापदांना काटेकोर अर्थ नेमून दिलेले आहेत. 'शॅल' म्हणजे बंधन, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे मुभा. एकाच्या जागी दुसरे आले तर तो शैलीचा दोष ठरत नाही. यंत्र बनवणाऱ्याचे कर्तव्यच बदलते. भाषेकडे इतक्या गांभीर्याने पाहणारा गद्यप्रकार आमच्या अभ्यासक्रमात कुठेच नाही, हे कबूल करताना आम्हांला संकोच वाटतो. मराठीत हा भेद करायचा तर 'केलेच पाहिजे', 'करणे इष्ट' आणि 'करता येईल' अशी तीन रूपे ठरवून घ्यावी लागतील आणि मग 'करावे' या लाडक्या रूपाला दाराबाहेर ठेवावे लागेल. आम्ही फलक बदलला. "बटण दाबू नका. खिडक्या उघडा. बाहेर पडा. मग फोन करा." आईने मान डोलावली आणि दुसऱ्या आक्षेपाची आठवण करून दिली.

तो आक्षेप अवघड होता, कारण 'गॅसचा वास' म्हणून आपण जे ओळखतो तो मुळात गॅसचा नसतोच. नैसर्गिक वायूला, म्हणजे मुख्यतः मिथेनला, वास नाही. सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्यूटेनलाही जवळजवळ नाही. त्यांत मर्कॅप्टन जातीचे गंधकयुक्त द्रव्य मुद्दाम अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते. पेट घेण्याइतका वायू हवेत साचण्याच्या पुष्कळ आधी, साधारणतः त्या मात्रेच्या एकपंचमांशातच, माणसाला तो ओळखता यावा असा दंडक असतो. म्हणजे तो वास हेच एक वाक्य आहे, आणि ते कुणीतरी लिहिलेले आहे.

ते लिहिले गेले त्याची हकीकत दुःखद आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी शाळेच्या तळघरात नैसर्गिक वायू साचला. त्याला वास नव्हता, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. कार्यशाळेतल्या एका विजेच्या यंत्राची ठिणगी पुरली. सुमारे तीनशे जण मृत्यू पावले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासमध्ये वायूला वास देणे कायद्याने बंधनकारक झाले, आणि ती पद्धत पुढे जगभर पसरली. मीरा रोडच्या जिन्यात काकूंना जो वास आला, तो त्या मुलांच्या मृत्यूनंतर वायूला शिकवलेला शब्द होता. फलक लिहिताना आम्हांला हे ठाऊक नव्हते.

योगायोग असा की याच घटनेनंतर बरोबर सात आठवड्यांनी, ६ मे १९३७ रोजी, न्यू जर्सीत लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे हायड्रोजनने भरलेले विमानपोत उतरताना पेटले. विमानातले पस्तीस आणि जमिनीवरचा एक अशी छत्तीस माणसे गेली. त्या प्रसंगाची छायाचित्रे निघाली, चित्रफीत निघाली, आणि जगाच्या मनात हायड्रोजन म्हणजे आग हे समीकरण पक्के झाले. एका अपघाताने नियम दिला, दुसऱ्याने भीती दिली. भीतीचे आयुष्य नियमापेक्षा मोठे असते. पण भीतीने झडप कशी बसवायची ते कळत नाही.

हायड्रोजन मुंबईला तसा नवा नाही. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, ते दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवर, आणि अशा कोळसावायूत आकारमानाने सुमारे निम्मा हायड्रोजनच असतो. परंतु तो एकटा नव्हता. सोबत मिथेन होता, विषारी कार्बन मोनॉक्साइड होता, आणि गंधकाची उग्र दुर्गंधी होती. ती दुर्गंधीच त्याची राखणदार होती. आज ज्या हायड्रोजनचा बोलबाला आहे, तो मात्र शुद्ध हवा आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले हरित हायड्रोजन धोरण आणले. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजनच्या इंधनघटावर चालणारी, देशात विकसित केलेली बस लोकांपुढे आली होती. बसच्या नळकांड्यातून धुराऐवजी पाण्याची वाफ बाहेर पडते, हे त्या इंधनाचे आकर्षण. आपल्या जुन्या मराठीत त्याला 'उदजन' म्हणत, म्हणजे पाण्याला जन्म देणारा. नाव अगदी सार्थ आहे.

या उदजनाचा स्वभाव थोडक्यात सांगायला हवा. तो हवेपेक्षा सुमारे चौदापट हलका आहे. मोकळ्या जागी झपाट्याने वर जातो आणि पांगतो, हा त्याचा मोठा गुण. तो विषारी नाही. मात्र हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात तो पेट घेऊ शकतो. मिथेनच्या बाबतीत ही मर्यादा साधारण पाच ते पंधरा टक्के असते. त्याला पेटवण्यासाठी लागणारी ऊर्जा मिथेनच्या तुलनेत दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्याचा रेणू सर्वांत लहान, त्यामुळे जिथून दुसरा वायू निसटत नाही तिथून हा निसटतो. आमच्या शहराच्या पूर्व भागात स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत; तिथे राहणाऱ्यांना पोलाद म्हणजे भरवशाचा शेवटचा शब्द वाटतो. हायड्रोजन पोलादातही शिरतो आणि त्याच्या काही जातींना हळूहळू ठिसूळ करतो. कोणती जात चालेल आणि कोणती नाही, हेही नियमाला सांगावे लागते.

आणि त्याला वास नाही, रंग नाही, दिवसाच्या उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. तिच्यातून धूर निघत नाही. उष्णताही ती लाकडाच्या किंवा तेलाच्या आगीसारखी दूरवर फेकत नाही, म्हणून अगदी जवळ जाईपर्यंत ती अंगाला जाणवतही नाही. अमेरिकेच्या अवकाश कार्यक्रमाच्या आरंभीच्या काळात गळतीची शंका आली की कामगार लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालत. झाडूची टोके पेटली की समजायचे, इथे आग आहे. हे वाचल्यावर आम्ही आईला सांगितले. केरसुणीला लक्ष्मी मानणारी ती बाई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तिथे सगळेच माझ्यासारखे."

मग यालाही वास का देत नाहीत? पहिला प्रश्न हाच सुचतो, आणि इथेच खरी अडचण आहे. वास देणारी नेहमीची द्रव्ये गंधकाची, आणि इंधनघटातल्या प्लॅटिनमला गंधक हे विष आहे. वाहनांच्या हायड्रोजनची शुद्धता ठरवणाऱ्या आयएसओ १४६८७ या मानकात एकूण गंधकाची मर्यादा अब्जात चार भाग इतकी कडक आहे. तेवढ्या गंधकात नाकाला काहीही कळत नाही. शिवाय हायड्रोजन इतका चपळ, की जड गंधद्रव्य त्याच्यासोबत प्रत्येक फटीतून बाहेर येईलच याची शाश्वती नाही. थोडक्यात, न्यू लंडनच्या मुलांनी मिळवून दिलेला शब्द इथे लागू पडत नाही. यंत्र नीट चालायचे तर इंधन मुके राहिले पाहिजे, आणि माणूस वाचायचा तर ते बोलले पाहिजे.

या ठिकाणी आम्हांला न्यायशास्त्राचे पहिले धडे आठवले. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हे त्या शास्त्राचे सर्वपरिचित उदाहरण. उलट दिशेने मात्र जाता येत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. नैयायिकांनी पुढे जाऊन असेही म्हटले की धूर मुळात ओल्या इंधनाच्या संयोगाने होतो. हायड्रोजन हे या युक्तिवादाचे टोक आहे. त्याच्या आगीत धूरही नाही आणि गोळ्याची लालीही नाही.

न्यायशास्त्र ज्ञानाची चार साधने मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांना ते 'प्रमाणे' म्हणते. आपण तांत्रिक 'स्टँडर्ड'लाही प्रमाण किंवा मानक म्हणतो आणि 'कोड'ला संहिता म्हणतो. संहिता म्हणजे एकत्र जुळवून ठेवलेले. वेदांची संहिता, नाटकाची संहिता, तशी सुरक्षेची. शब्दांची ही जवळीक निव्वळ योगायोग नसावी असे आता वाटते. घरातल्या गॅसच्या बाबतीत आपण प्रत्यक्षावर, म्हणजे नाकावर, विसंबतो. हायड्रोजनच्या बाबतीत प्रत्यक्ष संपते. मग उरते अनुमान: छताजवळ बसवलेला संवेदक वाजला, यावरून गळती आहे असे समजायचे. पण तो संवेदक कुठे बसवायचा, किती टक्क्यांना वाजवायचा, किती सेकंदांत, किती महिन्यांनी तपासायचा, हे सांगणारे शेवटी शब्दप्रमाणच. स्थिर जागी बसवायच्या हायड्रोजन संवेदकांसाठी २०१० सालचे आयएसओ २६१४२ हे मानक आहे; हायड्रोजन तंत्रज्ञानासाठी आयएसओची स्वतंत्र समितीच १९९० पासून काम करते आहे. न्यायशास्त्र शब्दाला प्रमाण मानते ते तो आप्ताचा, म्हणजे जाणत्या आणि खरे बोलणाऱ्याचा, असेल तरच. काकूंच्या सासूबाई आप्त होत्या. समितीला ती पात्रता कष्टाने मिळवावी लागते.

हे कष्ट आपल्याकडे कुठे होतात? स्फोटक द्रव्ये, दाबाखालचे वायू आणि त्यांचे सिलिंडर यांच्या परवान्यांचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पेसोचे, मुख्यालय नागपूरला आहे. वाहनांची मानके घडवणारी एआरएआय ही संस्था पुण्यात. तिच्या नावावरून वेताळ टेकडीच्या एका बाजूला पुणेकर एआरएआयची टेकडी म्हणतात. हायड्रोजन इंधनघटावर चालणाऱ्या वाहनांच्या सुरक्षेसाठीचे एआयएस १५७ हे मानक २०२० साली अधिसूचित झाले. वेताळाच्या टेकडीवर न दिसणाऱ्या ज्योतीचा विचार व्हावा, यात आम्हांला औचित्य दिसले.

२०१३ सालच्या जागतिक तांत्रिक नियमावली क्रमांक १३ पासून या प्रकारच्या मानकांची जी घडण झाली आहे, ती वाचताना साहित्याच्या माणसाला एक वेगळीच गोष्ट जाणवते. वाहनातली टाकी ३५० किंवा ७०० बार दाबाची, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या कित्येक शेकडो पटींची. ती टाकी उंचावरून पाडून पाहायची. तिच्याखाली आग पेटवायची, आणि उष्णतेने उघडणाऱ्या सुरक्षा झडपेतून वायू फुटण्याऐवजी शिस्तीत बाहेर पडतो की नाही ते पाहायचे. तिच्यावर रसायने ओतायची, पुन्हा पुन्हा भरायची आणि रिकामी करायची. वाहनात वायू साचू लागला तर आधी चालकाला इशारा मिळाला पाहिजे, त्याहून वाढला तर मुख्य झडप आपोआप मिटली पाहिजे. प्रत्येक चाचणीमागे न घडलेल्या एका अपघाताची गोष्ट आहे. बहुतेक जुने नियम मृतांनी लिहिलेले आहेत. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले आणि तो दिवस आपण अजून अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो. हायड्रोजनच्या वाहनांचे नियम मात्र रस्त्यावर ती वाहने मोजकीच असताना लिहिले जात आहेत. मृत्यू घडायच्या आधी त्याची कल्पना करणे, तीही भीतीने नव्हे तर तपशिलाने, हे ज्या शाखेचे काम आम्ही समजत होतो ती आमची होती.

तरीही शब्द सगळे सांभाळू शकत नाही. १० जून २०१९ रोजी नॉर्वेत सांडविका येथे हायड्रोजन भरण्याच्या केंद्रात स्फोट झाला. सुदैवाने कुणी दगावले नाही. जवळच्या एका मोटारीतल्या दोघांना हादऱ्याने उघडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे किरकोळ दुखापत झाली. तपासात आढळले की उच्च दाबाच्या टाकीच्या एका बुचाचे आतले बोल्ट जुळणीच्या वेळी पुरेसे आवळलेले नव्हते. मानके होती, परवाने होते, पण शेवटी सगळा भार एका पान्यावर आणि तो धरणाऱ्या हातावर आला. संहितेचा खरा वाचक तो हात आहे.

त्या हाताशी कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न आमच्या फलकाचाच मोठा भाऊ आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बेंजामिन ली वोर्फ हे नाव सिद्धान्तामुळे ठाऊक असते. तो पोटापाण्यासाठी आगीच्या विमा कंपनीत काम करी, हे कमी जण लक्षात ठेवतात. १९३९ साली लिहिलेल्या एका निबंधात त्याने पेट्रोलच्या पिंपांचे उदाहरण दिले आहे. भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागत आणि 'रिकाम्या' पिंपांजवळ खुशाल विडी-सिगारेट ओढत. प्रत्यक्षात रिकाम्या पिंपात स्फोटक वाफ असते, म्हणून तेच अधिक घातक. माणसे पदार्थाशी वागत नव्हती, 'रिकामे' या शब्दाशी वागत होती. इंग्रजीत 'इन्फ्लेमेबल' या शब्दातले आरंभीचे उपपद नकारार्थी समजून कुणी फसू नये म्हणून 'फ्लेमेबल' हा शब्द मुद्दाम रूढ करण्यात आला. आपला 'ज्वालाग्राही' हा शब्द त्या मानाने निर्मळ आहे. पण जिची ज्वालाच दिसत नाही त्या आगीसाठी तो पुरेल का? केंद्राचे नियम राजपत्रात इंग्रजीत आणि हिंदीत येतात. भाईंदर पूर्वेच्या एखाद्या गाळ्यात झडप आवळणारा मुलगा कोकणातला असेल, मराठवाड्यातला असेल, आझमगढचा असेल. त्याच्यापर्यंत 'शॅल' आणि 'शुड' यांतला फरक कोणत्या तोंडाने पोहोचणार? हे भाषांतर यंत्राकडून करून घेता येईल असे म्हणणारे भेटतात. येईलही. पण 'करावे' चालणार नाही, हे ओळखणारे कुणीतरी ते वाचायला बसलेले असले पाहिजे.

हे सगळे दूरचे आहे असे समजण्याचे कारण नाही. आमच्या स्टेशनावरून जाणारे रूळ पुढे सुरतेला जातात. सुरतजवळ कवास येथे एनटीपीसीच्या वसाहतीत जानेवारी २०२३ पासून नळाच्या वायूत थोडा हायड्रोजन मिसळून तो घरोघरच्या शेगड्यांना देण्याचा प्रयोग सुरू झाला. तिथे मिथेनचा दिलेला वास सोबतीला असतो, म्हणजे नाकाची नोकरी अजून गेलेली नाही. शुद्ध हायड्रोजनच्या पंपावर, बसच्या आगारात, कारखान्यात ती जाईल.

आमच्या घरापुरते सांगायचे तर आम्ही स्वयंपाकघरात गॅसचा इशारा देणारे यंत्र बसवून घेतले. बसवणाऱ्याने ते सवयीने जमिनीपासून वीतभर उंचीवर लावले. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून त्याची सवय चुकीची नव्हती. परंतु आमच्याकडे सिलिंडर जाऊन नळाचा गॅस आलेला होता आणि तो हलका, वर जाणारा. बरोबर असलेला नियम चुकीच्या घरात लागला होता. यंत्र छताजवळ हलवले. आई खालून पाहत होती. "याचं नाक वर हवं होतं होय," एवढेच म्हणाली. आता दर महिन्याच्या एक तारखेला ती काठीने त्याचे तपासणीचे बटण दाबते, ते ओरडले की समाधानाने देवापुढे दिवा लावते. उदबत्ती आता एकदाच.

जिन्यातल्या फलकावर आम्ही आणखी एक ओळ वाढवली आहे: "वास आला नाही, पण यंत्र वाजले, तरी हेच करा." समितीला ती अनावश्यक वाटली होती. समोरच्या काकूंनी ती गुजरातीतही लिहायला लावली आणि अक्षरे तपासायला स्वतः उभ्या राहिल्या. ती लिहिताना आम्हांला सारखे वाटत राहिले की पुढच्या फलकावर, ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी, पहिली ओळच निराळी लिहावी लागेल. 'वास आल्यास' हे शब्द त्यात नसतील. ती ओळ सुचवायला कुणी मराठीचा विद्यार्थी त्या खोलीत बसलेला असेल की नाही, ते मात्र आमच्या वर्गांवर अवलंबून आहे.